दोन पट्ट्या : ग्राहक व्यवहार सचिवांना खुले पत्र

मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली.



आमच्याकडे 'पट्टी' म्हटलं की दोन वस्तू डोळ्यांपुढे येतात. एक फूटपट्टी, दप्तरातली. दुसरी हिशोबपट्टी, कांदा विकून परतताना शेतकऱ्याच्या खिशात असते ती : एवढं वजन, एवढा भाव, वजा हमाली, वजा तोलाई आणि तळाला हातात पडलेली रक्कम. मी बत्तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, म्हणजे माझं पोट पहिल्या पट्टीवर. घरची शेती निफाड तालुक्यात, ती धाकटा भाऊ बघतो आणि मुख्यतः कांदा करतो, म्हणजे घराचं बरंचसं दुसऱ्या पट्टीवर. या दोन पट्ट्यांचं कांद्याच्या आलेखावरून गेली काही वर्षं भांडण चाललं आहे. ते आपल्या कानावर घालावं म्हणून हे पत्र.

आधी आपल्या विभागाच्या ज्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे ते सांगतो. देशभरातल्या साडेपाचशे केंद्रांवरून आपण रोजचे किरकोळ आणि घाऊक भाव गोळा करता. पूर्वी 22 वस्तूंचे, 2024 च्या ऑगस्टपासून 38 वस्तूंचे. रोज, न चुकता. आकड्यांवर जगलेल्या माणसाला याची किंमत कळते. निर्यातबंदीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाच्या हाताखालचं परकीय व्यापार महासंचालनालय काढतं, निर्यात शुल्क अर्थ मंत्रालय लावतं. पण भावाची मूळ वही आपल्याकडे. म्हणून पत्रही आपल्याला. ग्राहकांचा विभाग 'कृषी' भवनात बसतो याची गंमत आपल्यालाही कधीतरी वाटली असेल.

प्रश्न एवढाच आहे. 'कांद्याच्या दरात वाढीचा कल दिसत आहे' हे वाक्य जेव्हा लिहिलं जातं, तेव्हा तो 'कल' कोणत्या चाचणीने ठरलेला असतो? सहा आठवड्यांच्या आलेखावर फूटपट्टी ठेवून, ती वर जाते का खाली एवढं पाहून?

माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गात दरवर्षी एक खेळ असायचा. प्रत्येकाने दोन रुपयांचं नाणं दोनशे वेळा उडवायचं. छापा पडला तर आलेख एक घर वर, काटा पडला तर एक घर खाली. त्या आलेखांच्या गठ्ठ्यात मी लासलगाव बाजारातल्या कांद्याच्या भावाचे दोन-तीन खरे आलेख, अक्षावरचे आकडे खोडून, मिसळायचो. एका वर्षी एका मुलाचे काका, कांद्याचे व्यापारी, कसल्यातरी दाखल्यासाठी आले होते. त्यांच्यापुढे गठ्ठा ठेवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एक कागद उचलला आणि बोट फिरवत म्हणाले, "हे अठ्ठ्याण्णव साल. इथं पावसानं रोप गेलं बघा, आणि इथं दिल्लीनं डोळे वटारले." कागदाच्या मागे एका मुलीचा रोल नंबर होता. जेवणाच्या सुट्टीत पायरीवर बसून तिने ते नाणं उडवलं होतं. काकांना मी हे सांगितलं नाही. चहा पाजून पाठवलं.

काकांना हसू नका. त्यांच्यासारखी फसगत फार मोठ्या माणसांची झाली आहे आणि ती कबूल करायला संख्याशास्त्राला बराच वेळ लागला. उडनी यूल यांनी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे केलेल्या आणि 1926 साली छापून आलेल्या अध्यक्षीय भाषणात एक उदाहरण ठेवलं. 1866 ते 1911 या काळातला इंग्लंडचा मृत्युदर आणि एकूण लग्नांपैकी इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये लागलेल्या लग्नांचं प्रमाण, या दोहोंतला सहसंबंध 0.95 भरला. म्हणजे चर्चमधली लग्नं कमी केली की माणसं मरायची थांबतील! दोन्ही मालिका आपापल्या कारणाने हळूहळू उतरत होत्या, इतकंच. मॉरिस केंडल यांनी 1953 मध्ये बावीस मालिका तपासल्या : ब्रिटिश शेअरचे निर्देशांक, शिकागोचा गहू, न्यूयॉर्कचा कापूस. डोळ्यांना लाटा आणि चढण दिसत होती. गणिताला नाणेफेकीपलीकडे फारसं काही सापडलं नाही. पुढे 1974 मध्ये ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या अशा नाणेफेकी मालिका जोड्याजोड्यांनी बनवल्या आणि नेहमीची चाचणी लावली. शंभरांतल्या 76 वेळा चाचणी म्हणाली, संबंध आहे.

यामागचं कारण फारसं अवघड नाही. आजचा भाव कालच्या भावाच्या खांद्यावर बसतो. साठ दिवसांचे साठ भाव म्हणजे साठ साक्षीदार नव्हेत. एकच साक्षीदार साठ वेळा पिंजऱ्यात उभा केलेला. फूटपट्टीची चाचणी मात्र त्याच्या साठ जबान्या साठ माणसांच्या म्हणून मोजते. डिकी आणि फुलर यांनी 1979 मध्ये पुराव्याचा भार उलटा केला : आधी असं धरायचं की ही मालिका निरुद्देश भटकते आहे, आणि ते खोटं ठरवण्याइतका पुरावा मिळाला तरच दुसरं काही बोलायचं. 1992 मध्ये क्वियात्कोव्स्की आणि सहकाऱ्यांनी याच्या नेमकी उलट दिशेने चाचणी बांधली. शहाणा माणूस दोन्ही लावतो. दोघींचं एकमत झालं तर बोलतो, नाही तर 'या आकड्यांवरून सांगता येत नाही' असं लिहितो. सरकारी टिपणात हे वाक्य मी अजून वाचलेलं नाही. ज्या अधिकाऱ्याने ते पहिल्यांदा लिहिलं त्याला माझ्याकडून निफाडच्या द्राक्षांची पेटी.

या चाचण्या लावण्याआधी मालिका धड असावी लागते. इथे मला थोडं थांबू द्या, कारण दिल्लीतून ही गोष्ट दिसत नाही.

लासलगावच्या यार्डात सकाळी ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात. व्यापाऱ्यांचं टोळकं एका ट्रॉलीकडून दुसरीकडे सरकतं. एकजण कोपरापर्यंत हात खुपसून तळाचा कांदा वर काढतो, मानेशी अंगठ्याने दाबतो, पत्ती सुटली आहे का पाहतो. आकडा पुकारला जातो, चढतो, आणि मिनिटभराच्या आत ट्रॉली गेलेली असते. अशा शेकडो ट्रॉल्यांचे शेकडो भाव संध्याकाळपर्यंत तीन आकड्यांत मावतात : किमान, कमाल, सर्वसाधारण. 'सर्वसाधारण' म्हणजे सरासरी नव्हे. ज्या भावाच्या आसपास जास्तीत जास्त माल गेला, तो. शाळेच्या भाषेत बहुलक. दिल्लीला पोहोचेपर्यंत त्याची 'सरासरी' झालेली असते आणि पुढे सगळा हिशोब तिच्यावर चालतो.

त्यातून कांदाही एक नाही. खरिपाचा लाल, त्यामागून येणारा रांगडा आणि रब्बीचा उन्हाळ, ही तीन पिकं. लाल कांदा अंगात पाणी धरून असतो, काढला की विकावा लागतो. उन्हाळ टिकतो, देशाच्या एकूण कांद्यातला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा त्याचा, आणि एप्रिल-मेपासून तोच साठवणीच्या चाळीत बसतो. दिवाळीच्या पुढेमागे यार्डात दोन्ही असतात. बाजार समिती दोहोंचे भाव वेगळे लिहिते, पण 'कांदा' या एकाच मथळ्याखाली आलेख काढला की नोव्हेंबरात एका कांद्याची मालिका संपून दुसऱ्याची सुरू होते आणि मधली पायरी बाजाराच्या नावावर खपते. आंब्याच्या भावाची मालिका हापूसपासून सुरू करून तोतापुरीवर संपवावी, तसं ते आहे.

आणि रिकामे दिवस. 2023 च्या ऑगस्टमध्ये निर्यात शुल्क लागल्यावर नाशिक जिल्ह्यातले लिलाव तीन दिवस बंद होते. सप्टेंबरात व्यापाऱ्यांच्या संपाने जवळपास दोन आठवडे बंद. अशा दिवशी रकाना कोरा राहतो, किंवा आदल्या दिवसाचा भाव पुढे ओढला जातो. ओढला की कागदावर बाजार शांत दिसतो. प्रत्यक्षात त्या दिवशी रस्त्यावर टायर पेटलेले असतात.

हंगामाचं तर बोलायलाच नको. चाळीतला कांदा जूनपासून वजनात घटतो, खालच्या थराला काजळी धरते, कोंब फुटतात. ऑगस्टनंतर जो उरतो तो कमी असतो आणि महाग असतो. हे दर वर्षी होतं. मेमध्ये सुरू करून ऑक्टोबरात संपवलेल्या कुठल्याही आलेखावर पट्टी ठेवा, ती वर जाईल. उपाय म्हणून कोणी मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना करतात. तिथेही खड्डा आहे. समजा, मागच्या वर्षी 800 रुपये क्विंटल होता आणि यंदा 1600 आहे. बातमी येते, कांदा शंभर टक्के महागला. माझ्या धाकट्या भावाला विचारा, तो सांगेल की गेल्या वर्षी बुडालो होतो, यंदा नाकापर्यंत पाणी आहे.

आणखी एक, आणि हे खास आपल्यासाठी. पिअर पेरों यांनी 1989 मध्ये दाखवलं की मालिकेत मधेच एखादा मोठा धक्का बसला असेल आणि तो हिशोबात धरला नाही, तर चाचणी साफ चुकीचं उत्तर देते. अमेरिकेच्या ज्या चौदा मालिकांवरून जवळपास सगळं भटकतंय असा निष्कर्ष निघाला होता, त्यांत 1929 ची कोसळ धरल्यावर बहुतेकांचं उत्तर फिरलं. कांद्याच्या मालिकेतले सगळ्यात मोठे धक्के कुठले, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांच्या तारखा राजपत्रात आहेत. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातबंदी आली आणि महिना संपायच्या आत लासलगावचा भाव जवळपास निम्म्यावर होता. ही तारीख न धरता कल काढणं म्हणजे आपणच ढकललेल्या माणसाच्या चालण्याचा अभ्यास करणं. कच्च्या मालाच्या किमती कारखान्यातल्या मालाच्या तुलनेत घसरत जातात, हे राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर यांनी 1950 मध्ये मांडलं. तो कल खरा की भास, यावर शतकभराची आकडेवारी हाताशी असूनही अर्थशास्त्रज्ञ आजतागायत भांडतात. आपल्याकडे सहा आठवड्यांत निकाल लागतो.

इथवर कलाचं झालं. ते सोपं होतं. माझं खरं दुखणं पुढे आहे.

त्या नाणेफेकीच्या गठ्ठ्यातून दरवर्षी दोन-तीन मुलं लासलगावचा खरा आलेख बरोबर हुडकायची. चढावरून नव्हे. नाण्याचा आलेख उलटा धरला तरी नाण्याचाच वाटतो; कांद्याचा उलटा धरला की लगेच विचित्र दिसतो. कारण त्यात लांबच लांब सपाट दरी असते आणि मधेच सुळका. दरीच्या बाजूला तसा सुळका कधी नसतो. आकडा एका अंगाला झुकलेला असतो. आम्ही याला असममिती म्हणतो.

का, हे अँगस डीटन आणि गी लारोक यांनी 1992 मध्ये तेरा वस्तूंच्या 1900 ते 1987 या वर्षांतल्या किमती घेऊन समजावलं. त्यांचा मुद्दा चाळीपाशी उभं राहिलं की आपोआप कळतो. भाव पडला की माल साठवता येतो, त्यामुळे पडण्याला थोडा टेकू मिळतो. भाव चढला की साठा बाहेर येतो, तोही टेकूच. पण चाळ एकदा रिकामी झाली की झाली. चाळीत शंभर क्विंटल ठेवता येतात, उणे शंभर क्विंटल ठेवता येत नाहीत. पुढच्या मार्चचा कांदा या ऑक्टोबरात उसना आणता येत नाही. टेकू संपला की भाव सरळ वर. म्हणून दऱ्या लांब आणि सुळके उंच, थोडक्या दिवसांचे. हा साठेबाजांचा कट असायलाच हवा असं नाही. कट नसतानाही आलेख असाच दिसेल.

असममितीचेही प्रकार आहेत. एक उंचीचा : वर किती, खाली किती. दुसरा वेगाचा : चढायला किती दिवस, उतरायला किती. केन्सने 1936 मध्येच लिहून ठेवलं होतं की तेजीतून मंदीकडे वळण एकाएकी येतं, मंदीतून वर येताना तसं एकाएकी वळण सहसा नसतं. सालिह नेफ्त्ची या तुर्की अर्थशास्त्रज्ञाने 1984 मध्ये ते अमेरिकेच्या बेरोजगारीवर तपासलं, आणि त्याची रीत मला फार आवडते, कारण ती माझ्या वर्गातल्या खेळाची भावंड आहे. आकडे बाजूला ठेवायचे. बेरोजगारी वाढली की एक खूण, घटली की दुसरी. मग त्या माळेत वाढीमागून वाढ किती वेळा येते आणि घटीमागून घट किती वेळा, एवढंच मोजायचं.

उंचीचा प्रकार तपासायला 1980 पासून एक चाचणी आहे, तिला मी मुलांपुढे 'तिघांची चाचणी' म्हणायचो. कुठलेही तीन आकडे उचला. समजा, 1100, 1250 आणि 2900. मधला कोणाच्या मांडीला मांडी लावून बसला आहे? खालच्याच्या. म्हणजे हे त्रिकूट वरच्या अंगाला ओढलेलं. आता शक्य तेवढी सगळी त्रिकुटं करा आणि वरच्या अंगाची किती, खालच्या अंगाची किती, ते मोजा. समसमान असतील तर मालिका सरळ, नसतील तर झुकलेली. पूर्वी हे हाताने करताना रात्र जायची. आता आपल्या विभागातला एखादा कनिष्ठ अधिकारी चहा निवायच्या आत करेल. एक सावधगिरी मात्र हवी : त्रिकुटांची चाचणीही आकडे सुटे आहेत असं धरते, म्हणून ती हंगाम काढून टाकलेल्या बदलांवर लावावी आणि तो एकाच साक्षीदाराचा दोष इथेही विसरू नये.

झुकलेल्या मालिकेत सरासरी आणि मध्यक यांची फारकत होते. सरासरी सुळक्यांकडे ओढली जाते. म्हणजे वर्षातल्या बहुतेक दिवशी शेतकरी 'सरासरी भावा'पेक्षा कमी भावानेच विकत असतो. थोडक्या दिवसांचा सुळका वर्षाची सरासरी उचलून धरतो. आमच्या घरातही मुलीच्या इंजिनिअरिंगची फी, विहिरीचं काम, भावाचा ट्रॅक्टर, असल्या गोष्टी सुळक्याच्या वर्षांत झाल्या आहेत. दरीच्या वर्षांत फक्त जगलो.

आता सरकार काय करतं? सुळका दिसला की कापतं. दरी दिसली की बहुतेक वेळा पाहत राहतं. अशा मालिकेचे सुळके कापले आणि दऱ्या तशाच ठेवल्या, तर सरासरी खाली येणार, हे सांगायला डिकी-फुलर लागत नाहीत. आपल्या टिपणात याला 'भाव स्थिरीकरण' म्हणतात. माझ्या पट्टीवर ती वजावट आहे, हमाली-तोलाईखालची तिसरी ओळ. छापलेली नसते इतकंच.

तारखा पाहा. 29 सप्टेंबर 2019 ला निर्यातबंदी, उठली 15 मार्च 2020 ला. 14 सप्टेंबर 2020 ला पुन्हा बंदी, उठली 1 जानेवारी 2021 ला. मग 19 ऑगस्ट 2023 ला चाळीस टक्के निर्यात शुल्क. 29 ऑक्टोबरपासून टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य. डिसेंबरात पूर्ण बंदी. ती उठली 4 मे 2024 ला, पण 550 डॉलरचं किमान मूल्य आणि चाळीस टक्के शुल्क मागे ठेवून. 13 सप्टेंबरला शुल्क वीस टक्क्यांवर आलं, आणि शून्य झालं 1 एप्रिल 2025 ला. लावायला एक रात्र पुरते. पूर्ण उतरायला साडेएकोणीस महिने. वेगाच्या असममितीचं वर्गात शिकवण्यासारखं उदाहरण!

दरीच्या बाजूचे कागद चाळले तर 2023 च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला, तोही पुढच्या तारखेचा. त्या वर्षी राज्य सरकारने क्विंटलला 350 रुपये, तेही 200 क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान दिलं. केंद्राने नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडून खरेदी करवली, राखीव साठ्याचं उद्दिष्ट तीन लाख टनांवरून पाच लाखांवर नेलं. हे मी नाकारत नाही. साठ्याची कल्पना मुळात दोन्ही अंगांनी काम करणारीच आहे. पण देशाचं त्या वर्षीचं उत्पादन सुमारे 300 लाख टन होतं. पाच लाख म्हणजे दोन टक्केही नाहीत. एवढ्याने दरी भरत नाही. सुळक्यावर मात्र निर्यातीचं दार एका झटक्यात बंद होतं, शंभर टक्के.

कबूल करतो : तीन बंद्या आणि एक लांबलेलं शुल्क यांच्यावर चाचणी लावून 'सरकार पक्षपाती आहे हे पाच टक्के पातळीवर सिद्ध' असं कोणी लिहिलं, तर मीच त्याला नापास करीन. एवढ्या घटनांवर काही सिद्ध होत नसतं. ग्राहकाचं दुःखही मला खोटं वाटत नाही; 1998 मध्ये दिल्लीत कांद्याने सरकार पाडलं ते काही चाचणी लावून नव्हे. 2012 च्या पायाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात टोमॅटो, कांदा, बटाटा या तिघांचं मिळून वजन 2.2 टक्के होतं, पण स्वयंपाकघरातलं त्यांचं वजन कुणी शंभराच्या आत मोजत नाही.

ग्राहकासाठीच आणखी एक चाचणी आपल्या हातात आहे. माझी बहीण डोंबिवलीला असते. लासलगावला भाव चढला की दोन दिवसांत तिचा फोन येतो, "अरे, काय चाललंय तिकडे?" पडला की मी फोन करतो, आणि ती म्हणते, "इथं कुठे उतरलाय अजून?" नमुन्याचा आकार एक, मान्य. पण रॉबर्ट बेकन यांनी 1991 मध्ये ब्रिटनच्या पेट्रोलबद्दल हेच दाखवलं : कच्चं तेल महागलं की पंपावरचा भाव रॉकेटसारखा वर, स्वस्त झालं की पिसासारखा खाली. सॅम पेल्ट्झमन यांनी 2000 मध्ये 77 ग्राहकोपयोगी आणि 165 उत्पादक वस्तू तपासल्या. तीनपैकी दोनांहून जास्त बाजारांत चढण उतरणीपेक्षा वेगवान निघाली. यात दर वेळी लबाडी नसते. हातगाडीवाल्याने काल महाग घेतलेला माल आज स्वस्त विकला तर तो संध्याकाळी काय खाणार? पण किती दिवस, कुठल्या शहरात, किती पैसे, हे मोजता येतं. घाऊक भावाचे चढ आणि उतार वेगळे करून, किरकोळ भाव प्रत्येकामागे किती दिवसांनी किती हलतो, एवढंच पाहायचं. रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या एका अभ्यासाप्रमाणे ग्राहकाने कांद्यावर खर्च केलेल्या रुपयातले सुमारे 36 पैसे शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. मग भाव चढल्यावर सगळ्यात आधी हात त्या 36 पैशांनाच का लागतो, उरलेल्या 64 पैशांच्या चालीची चाचणी का होत नाही? दोन्ही भाव रोज आपल्याच वहीत येतात.

मागणं मोठं नाही. लाल आणि उन्हाळ वेगळे छापा. बंद दिवस 'बंद' म्हणून दाखवा, ओढून भरू नका. 'कल' हा शब्द ज्या टिपणात येईल तिथे खाली एक ओळ असू द्या : कोणती चाचणी, कुठपासून कुठपर्यंतचे आकडे, हंगाम काढला का, अधिसूचनेच्या तारखा धरल्या का. आणि भाव कुठल्या रेषेवर गेला की सरकार हलणार ते ठरलेलं असेल, तर कुठल्या रेषेखाली गेला की तितक्याच तातडीने हलणार, तेही त्याच कागदावर, त्याच दिवशी जाहीर करा. शेतीच्या आकड्यांना शिस्त लावणाऱ्यांत पानसे आणि सुखात्मे ही दोन मराठी नावं आहेत. त्यांचं पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने 1954 मध्ये काढलं, आणि परिषदेचं मुख्यालय आपल्याच इमारतीत आहे. एक प्रत सहज मिळेल.

माझ्याकडे लासलगावच्या भावांच्या वह्या आहेत, किमान, कमाल, सर्वसाधारण आणि शेवटच्या रकान्यात 'बंद' का होतं त्याचं कारण. दोन वह्या एका पावसाळ्यात भिजल्या, बाकीच्या वाचता येतात. आपल्या विभागातून कुणी येणार असेल तर सकाळी नऊच्या आत यावं. लिलाव सुरू झाल्यावर मी यार्डात असतो. भाऊ म्हणतो, अजून आठ दिवस थांबून चाळ फोडू. मी त्याला विचारलं, कशावरून? तो म्हणाला, "वाटतंय."

आपला,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक,
तालुका निफाड, जिल्हा नाशिक